सत्काराचं अ‍ॅव्हरेज

कुणी आपल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगायला लागलं की सोनाजीमामा आधी तोंडातली तंबाखू थुंकून यायचे आणि मग विचारायचे, "पाठीमागं काय व्हतं?" गाडी रिकामी होती असं कळलं की पुढचं ते ऐकतच नसत. "मोकळी गाडी कुणाचीबी पळती. गाडीचं इमान वझ्याखाली कळतं," म्हणायचे.

चारठाण्याच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा माझं सामान त्यांच्याच पिकअपमधून आलं. वाटेत मी माझ्या मोटारसायकलचं अ‍ॅव्हरेज ऐटीत सांगितलं. मामांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "सर, उताराला गाडी बंद करून जाता का?" मी विषय बदलला, कारण जात होतो.

आपल्याकडं माणूस वय कमी सांगतो, पगार कमी सांगतो आणि अ‍ॅव्हरेज तेवढं वाढवून सांगतो. पिकअपच्या स्टँडवर तर ही फुशारकी सकाळपासून चालायची. मला तिची शिसारी होती, मामांना माझ्याहून जास्त. ते एकाच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायचे, हळदीची पोती लादून परभणीच्या मोंढ्यात जायचे, आल्यावर पुन्हा तिथंच गळ्यापर्यंत भरायचे आणि येईल तो आकडा सांगायचे. तो आकडा नेहमी कमी असायचा. पण गाडी घ्यायची म्हटलं की सगळा तालुका विचारायला यायचा तो मामांनाच.

मग बॅटरीच्या पिकअप आल्या. मामांच्या शंका सरळ होत्या. "वझं घेऊन चढ चढंल का? अन् चार्जिंग कुठं करावं? आमच्या गावची लाईट पाहुण्यावानी येती." पण डिझेलच्या धुरानं त्यांची छाती धरली होती, डॉक्टरांनी धूर टाळा म्हणून बजावलं होतं. शेवटी त्यांनी घेतलीच. आमच्या भागातली ती पहिली.

परभणीच्या शोरूमनं त्याचा सोहळा केला. मांडव, फेटा, शाल, नारळ, समोर मोबाईल धरलेला पोरगा. मॅनेजर पांढऱ्या शर्टात. त्यानं आधी मामांच्या कानात आकडा सांगितला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काका, एका चार्जिंगमध्ये किती पळते?" मामांनी अजून त्या गाडीत एक पोतंसुद्धा टाकलं नव्हतं. त्यांनी तो आकडा जसाच्या तसा सांगितला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

नंतर मी विचारलं, "मामा, तुम्ही आणि असं?"

"अंगावर त्यांची शाल, हातात त्यांचं नारळ. नकार कसा द्यावा, सर? त्यानं काका काका केलं अन् मपली जीभ पाघळली."

पहिल्याच भरल्या खेपेला आकडा निम्म्यावर आला. गाडीला त्यांनी कधी शिवी दिली नाही. "गाडी जिंतूरपुरती लय गुणाची हाय. आवाज न्हाई, धूर न्हाई. गुन्हा मपल्या तोंडाचा हाय," म्हणायचे आणि थुंकायचे. त्या वेळी तोंडात तंबाखूही नसायची.

तोवर तो व्हिडिओ घरोघर गेला होता. पूर्णेकडं भाजीपाला वाहणारा माझा धाकटा भाऊ विलास, त्यानं तो पाहून बुकिंग केलं. जुनी डिझेलची पिकअप बदल्यात द्यायची होती, आणि तिच्यावरच त्याचं सहा माणसांचं घर चालत होतं. त्याच्या खेपा नांदेडपर्यंतच्या, माल भरलेल्या. मी खरं सांगितलं तर मलाच म्हणाला, "दादा, मामा कव्हा खोटं बोलतेत का? त्यांच्याच तोंडानं ऐकलंय म्या."

मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड कडू झालं. "रविवारी आना त्याला," एवढंच बोलले.

रविवारी विलाससमोर त्यांनी गाडी पूर्ण चार्ज दाखवली, पोती भरली आणि आम्हा दोघांना शेजारी बसवून निघाले. परभणीत माल उतरवला, परतीचं खत भरलं. जिंतूरच्या अलीकडं चढावर बॅटरी संपली आणि गाडी बसली ती बसलीच. मामांनी ट्रॅक्टर बोलावून दोर बांधला. मी म्हणालो, बाहेरच्या रस्त्यानं जाऊ.

"न्हाई. सत्कार चारचौघांत झाला, हेबी चारचौघांतच हू द्या."

भर बाजारातून ट्रॅक्टर आम्हाला ओढत होता आणि मामा खिडकीतून डोकं काढून ओरडत होते, "म्या खोटं बोललो व्हतो! निम्म्यातच बसती! भरून लांब जायाचं आसंल तर घिऊ नका!" लोक खिदळत होते. शेजारी विलास मोबाईलवर शूटिंग करत हसत होता. ज्या माणसानं आपली अब्रू रस्त्यावर टाकून त्याच्या लेकरांची भाकरी वाचवली, त्यालाच हा हसत होता. सख्ख्या भावाची मला तेव्हा किळस आली. दुसऱ्या दिवशी त्यानं बुकिंग मोडलं. मामांना साधा फोनही केला नाही.

मामांनी स्वतःच्या गाडीची इतकी बदनामी केली की ती विकणंही अशक्य झालं. मुलं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ते मात्र तीच गाडी जिंतूरपर्यंत चालवत राहिले आणि तो व्हिडिओ काढून टाका म्हणून सांगायला तीनदा शोरूमला गेले. दर वेळी चहा मिळाला आणि "काढतो काका" एवढं मिळालं. तिसऱ्यांदा त्यांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली. "ही घ्या, अन् मपलं तोंड मला वापस द्या."

यंदा उन्हाळ्यात छातीच्या दुखण्यानं ते गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर आठवड्यानं मी शोरूममध्ये गेलो. भिंतीवरच्या टीव्हीवर मामा होते. फेटा बांधलेले, हसणारे, तोच आकडा सांगणारे. समोर एक नवरा-बायको बसले होते. बाई नवऱ्याला म्हणाली, "म्हातारं इमानदार दिसायलंय. घ्या तुमी."

"खोटं बोलतोय तो," मी म्हणालो.

मॅनेजर लगबगीनं आला. हात जोडून, आवाज मऊ करून म्हणाला, "सर, काका आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

मी त्या बाईकडं वळलो, मामांचं नाव घेतलं, गाव सांगितलं, आणि हा माणूस खोटं बोलला होता, हे पुन्हा एकदा, अख्ख्या शोरूमला ऐकू जाईल असं सांगितलं.