पाचवी ‘ब’मधल्या दर्शनाताई

दर्शना घाडीगावकर यांचं वय बेचाळीस, पण गेली नऊ वर्षं त्या पाचवी ‘ब’मध्ये आहेत. तशा त्या चौथीत आणि सहावीतही असतात. पण आमच्या गल्लीच्या टोकाला जी शाळा आहे, तिथे प्रकल्पांचा खरा भडिमार पाचवीत होतो. नऊ वर्षांत त्यांनी सूर्यमाला एकसष्ट वेळा केली, पवनचक्की चाळीस वेळा, आणि पावसाच्या पाण्याची साठवण तर डोळे मिटून करतील. दर वेळी ‘अ’ श्रेणी. एकदाच ‘ब’ मिळाली, तेव्हा ज्या मुलाच्या नावावर तो प्रकल्प होता त्याच्या आईने शाळेत जाऊन भांडून श्रेणी वाढवून आणली आणि येताना दर्शनाताईंसाठी पेढे आणले.

लालबागमध्ये चाळीच्या तळमजल्यावर त्यांच्या नवऱ्याचं, प्रफुल्लचं, स्टेशनरीचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, शालेय प्रोजेक्ट करून मिळतील.’ शेवटची ओळ दर्शनाताईंची. त्यांचं माहेर शिवडीचं. वडील गोदीत मुकादम. शाळेत असताना दर्शनाने चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा ‘अ’ श्रेणीत काढल्या होत्या आणि पुढे कला महाविद्यालयाचा फॉर्मही आणला होता. वडिलांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “रंग काय, घराला पण देता येतो.” मग टायपिंग, मग लग्न. सासरी गणपतीच्या दिवसांत त्या थर्माकोलची मखरं कोरायच्या. लोक लांबून बघायला यायचे. थर्माकोलवर बंदी आली आणि ते काम गेलं. त्याच सुमारास शाळांना कृतीतून शिक्षणाचा शोध लागला, आणि दर्शनाताईंचे हात पुन्हा कामाला लागले.

सुरुवातीला त्या मुलांना विचारायच्या, “बाळा, तुझ्या डोंगराला कुठला रंग देऊ?” मूल आईकडे बघायचं. आई म्हणायची, “त्याला काय कळतंय ताई, तुम्हीच ठरवा. आणि जरा पटकन, त्याचा अबॅकसचा क्लास आहे.” वर्षभराने त्यांनी विचारणं सोडलं. एकदा तर एक बाई सकाळी सव्वासहाला दार वाजवून ‘श्रमाचे महत्त्व’ या विषयावरचा प्रकल्प मागायला आल्या. सातच्या आत हवा होता.

सासूबाई कमलाबाई दुकानाच्या पायरीवर बसून हे सगळं बघायच्या. त्या मूळच्या मालवणकडच्या, आणि जीभ तिकडचीच. एके दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “काय गो दर्शना, पोरांचो अभ्यास तू करतंस, मगे पोरां शाळेत जातत कित्याक?”

“प्रोजेक्ट न्यायला, आई,” दर्शनाताई म्हणाल्या.

गेल्या वर्षी शाळेच्या मुख्याध्यापिका इरावती मॅडम तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि त्यांनी पाचवीचं भव्य कलाप्रदर्शन जाहीर केलं. विषय, ‘माझा परिसर : काल, आज आणि उद्या.’ सूचनापत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः तयार करावा.’ खाली बारीक अक्षरांत, ‘दर्जा उत्तम राहील याची पालकांनी काळजी घ्यावी.’ पालकांनी बारीक अक्षरं वाचली. दोन दिवसांत दुकानासमोर रांग लागली.

परीक्षक म्हणून कुणी मोठे नेपथ्यकार यायचे होते. प्रदर्शन चार दिवसांवर आलं आणि त्यांनी शूटिंगचं कारण सांगून अंग काढून घेतलं. पाचवी ‘ब’च्या वर्गशिक्षिका सुरुची मॅडम नव्या होत्या, माहीमहून यायच्या. लालबागचं त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर दर्शनाताईंच्या जुन्या मखरांचे फोटो पाहिले होते. त्या म्हणाल्या, “मॅडम, आपल्याच गल्लीत एवढ्या मोठ्या कलाकार आहेत. त्यांना बोलवूया ना!”

इरावती मॅडमना दुकानाची पाटी चांगली माहीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. ‘स्थानिक कलाकाराचा सहभाग’ हा अहवालातला एक रकाना तसाही रिकामाच होता. त्या स्वतः दुकानात गेल्या.

दर्शनाताईंच्या हातात तेव्हा कुणाचा तरी ‘उद्या’ होता, निम्मा रंगवलेला. त्या गडबडल्या.

“मॅडम, मी परीक्षक कशी होणार?”

“का? तुम्हाला कलेतलं कळतं.”

“कळतं, तोच तर घोळ आहे.”

“मग झालं तर. शनिवारी दहाला. शाल-श्रीफळ आहे.”

पुढचं बोलायच्या आत मॅडम निघून गेल्या. दर्शनाताईंनी निरोप पाठवून नकार द्यायचं ठरवलं. पण संध्याकाळी शाळेचा शिपाई छापील निमंत्रणपत्रिका घेऊन आला. तिच्यावर होतं, ‘परीक्षक : सौ. दर्शना घाडीगावकर, ज्येष्ठ कलाकार.’ त्या दोन शब्दांवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. आजवर त्यांना कुणी तसं म्हटलं नव्हतं. नकाराचा निरोप गेला नाही.

शनिवारी त्या मोतिया साडी नेसून शाळेत गेल्या. पुढच्या फाटकातून, बॅण्डच्या तालावर. हॉलमध्ये अडतीस टेबलं मांडली होती. त्यांतली एकतीस बघून त्यांना माहेरी आल्यासारखं झालं. भिंतीला लागून आया उभ्या होत्या. एकीच्याही तोंडावर ओळखीची रेष नव्हती. कालपर्यंत ज्या ‘ताई, ताई’ करत होत्या, त्या आज एखाद्या परक्या बाईकडे बघावं तशा बघत होत्या. फक्त प्रत्येकीच्या भुवया हळूच आपापल्या टेबलाकडे वळत होत्या.

पहिल्या टेबलावर गिरणी होती. भोंगा, धुराडं, दाराशी कामगार.

“हे काय आहे रे?” दर्शनाताईंनी विचारलं.

मुलाने छातीवर हात बांधले आणि एका दमात सुरू केलं, “नमस्कार माझ्या प्रकल्पाचं नाव गिरणगाव काल आज आणि उद्या आहे या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळालं.”

“काय शिकायला मिळालं?”

मुलगा थांबला. हे पाठांतरात नव्हतं. “मम्मीला विचारून सांगतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या टेबलावर एका मुलीने सांगितलं की तिने हा मासळीबाजार जुन्या खोक्यांपासून बनवला. तिसऱ्यावर दुसऱ्या मुलीनेही नेमकं तेच वाक्य म्हटलं, फक्त तिच्यासमोर उड्डाणपूल होता. सुरुची मॅडम वहीत टिपता टिपता म्हणाल्या, “किती सफाई आहे ना! आणि सगळ्यांची पाण्याची टाकी अगदी सारखी. एकत्र बसून केलेलं दिसतंय.”

“हो, एकाच जागी बसून केलेलं आहे,” दर्शनाताई म्हणाल्या. त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

नवव्या टेबलावर ध्रुव होता. त्याची आई सीमा हिने सगळ्यांत मोठा प्रकल्प करून घेतला होता. डावीकडे चाळ, उजवीकडे चाळीस मजली टॉवर, खिडक्याखिडक्यांत दिवे. ध्रुवने भाषण म्हटलं आणि शेवटी “आता पाहा उद्याची मुंबई!” असं म्हणून एक बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. ध्रुवचं तोंड रडवेलं झालं. तो आईकडे बघू लागला, आणि आई दर्शनाताईंकडे.

तेव्हा दर्शनाताईंच्या हाताने जे केलं, ते त्यांना विचारून केलं नाही. हात सरळ टॉवरच्या मागे गेला, गच्चीची पट्टी बाजूला सरकवली आणि आतली सैल झालेली वायर दाबून बसवली. चाळीसही मजले उजळले.

परीक्षकांना वायर कुठे आहे हे कसं कळलं, हा प्रश्न तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला पडायला हवा होता. ज्यांना उत्तर माहीत होतं ते छताकडे बघू लागले. सुरुची मॅडमचं पेन वहीवर थांबलं. त्यांनी टॉवरकडे पाहिलं, मग मागच्या आठ टेबलांवरच्या पाण्याच्या टाक्यांकडे, मग दर्शनाताईंकडे.

इरावती मॅडमनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. “कलाकाराचं मन कलाकारालाच कळतं!” त्या माईकवर म्हणाल्या. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात सीमाने.

सव्विसावं टेबल कोपऱ्यात होतं. तिथे आम्रपाली नावाची बारीकशी मुलगी उभी होती. तिच्या मागे आई उभी नव्हती, ती कामाला गेली होती. तिच्यासमोर पुठ्ठ्याचं एक वाकडं खोकं होतं, उभं केलेलं. डिंकाचे ओघळ वाळून पिवळे पडले होते. आत कागदाच्या घड्यांचा जिना वरपर्यंत गेला होता आणि बाजूला दोऱ्याला बांधलेली अगरबत्तीची रिकामी डबी लोंबत होती.

“हे कुठलं गं?”

“शिवडीची बिल्डिंग. आम्ही नायगावला बीडीडी चाळीत होतो ना, ती पाडली. आता इकडे राहतो. सातव्या मजल्यावर.” तिने दोरा ओढला. डबी दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली आणि अडकली.

“अडकली की!” दर्शनाताई म्हणाल्या. सवयीने त्यांचा हात पुढे झाला.

“नको, नको! तिथे मी गाठ मारलीय. ती लिफ्ट आहे. तिथेच अडकते.”

दर्शनाताईंनी हात मागे घेतला. “आणि हा जिना?”

“एकशे चोपन्न पायऱ्या. एका मजल्याला बावीस. आधी मी वीस-वीसच केल्या होत्या. आमच्या मजल्यावरची चंपाआजी म्हणाली, एवढ्याच असत्या तर मी चढले असते, पुन्हा मोजून ये. मग मोजल्या आणि सगळं परत केलं. आजी सात महिने खाली आली नाही.”

“काल पाडला, आज हा. उद्या कुठे आहे?”

“पुठ्ठा संपला,” आम्रपाली म्हणाली. “तिकडे चाळीच्या जागी टॉवर झाल्यावर करीन. पप्पा म्हणतात होणार आहे.”

दर्शनाताई खाली वाकून बघत राहिल्या. पायऱ्या एकसारख्या नव्हत्या, पण खरोखरच बावीस होत्या; त्यांनी दोन मजले मोजले. हे आपल्याला सुचलं नसतं, हे त्यांना लख्ख कळलं. त्या मजल्यामजल्यावर कुंड्या ठेवून मोकळ्या झाल्या असत्या.

बक्षीस जाहीर करायला त्या मंचावर चढल्या. “पहिला नंबर, आम्रपाली. बाकीच्या एकतीस प्रकल्पांबद्दल मी बोलणं बरोबर नाही. उरलेल्या सहाजणांना दुसरा नंबर विभागून द्यावा.” एवढं बोलून त्या खाली उतरल्या. शाल घ्यायचीही विसरल्या.

सोमवारी आया दुकानात आल्या. पुढे सीमा.

“ताई, हे काय केलंत? आमचं तुम्हीच केलेलं, आणि बक्षीस दुसरीला?”

“दुसरीने स्वतः केलं होतं.”

“अहो, पण आम्ही तुमच्यावर विश्वास टाकला ना! तुम्हाला तुमचं काम आवडत नसेल तर आधी सांगायचं.”

प्रफुल्लने मधे पडून सगळ्यांना लिंबू सरबत दिलं. आठ दिवस कुणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी सीमाच परत आली, आवाज खाली आणून.

“ताई, ‘वाहतुकीची साधनं’ द्यायचंय. पण आता जरा मुलाने केल्यासारखं करा. थोडं वाकडं. डिंक-बिंक दिसू दे.”

“वाकडं?”

“पण नीट वाकडं हां. घाणेरडं नको.”

दर्शनाताई कामाला बसल्या. दुपारभर त्या एक वाकडी बस करत होत्या आणि बस सरळ होत होती. त्यांनी डाव्या हाताने कापून पाहिलं. डावा हातही सरळच कापायचा. डिंक सांडला तर तोही एका रेषेत सांडायचा. कमलाबाई पायरीवरून बघत होत्या. शेवटी दर्शनाताईंनी कात्री खाली ठेवली आणि सीमाला फोन केला.

“मला जमत नाही हो. ध्रुवला पाठवा. वाकडं तोच करेल.”

ध्रुव आला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आली, मग पाच. दुकानाच्या मागच्या खोलीत चटई टाकली. दर्शनाताई त्यांना कात्री धरायला शिकवायच्या, पुढचं त्यांच्यावर. आया दारात उभ्या राहून खुणा करायच्या, तेव्हा प्रफुल्ल पडदा ओढायचा. महिन्याभरात सुरुची मॅडमही शनिवारी येऊन बसायला लागल्या. वहीत काही न टिपता मुलांबरोबर माती मळायच्या. शाळेच्या वार्षिक अंकात ‘आमचा अभिनव उपक्रम’ म्हणून हे सगळं छापून आलं. फोटोत इरावती मॅडम कात्री धरून उभ्या आहेत. उलटी.

सहावीचे पालक अजून सूर्यमाला मागायला येतात. दर्शनाताई त्यांना नाही म्हणत नाहीत. दुकान आहे, देऊळ नाही. मात्र चटईवरच्या कामाला त्या बोट लावत नाहीत, आणि ते त्यांना फार जड जातं. समोर कुणी गुरू शनीच्या पलीकडे चिकटवत असेल तर त्या उठून आत चहा करायला जातात.

ध्रुवची बस पुढच्या बाजूला कलंडायची. तीन वेळा त्याने चाकं बदलली. चौथ्या वेळी त्याला कळलं की ड्रायव्हरचा मातीचा पुतळा फार जड झालाय. त्याने तो काढला, निम्मा केला आणि बस उभी राहिली. दारात त्याची आई न्यायला आली होती. तिला ओलांडून तो थेट पायरीवर कमलाबाईंकडे गेला आणि बस का पडत होती, ते पाच मिनिटं सांगत बसला. कमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मगे ड्रायव्हराचा पोट तूच कापलंस?” त्यांनी विचारलं.

“हो,” ध्रुव म्हणाला. “मीच.”