या आठवड्यात काय टाकलं?

मंगेशचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी वांगी चिरत होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला, वांग्याची डेखं गोळा करून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात धुतले आणि दादरहून लालबागला जायला टॅक्सी पकडली. परळच्या पुलापाशी लक्षात आलं, की एवढी बातमी ऐकूनही मी आधी डेखं उचलली. ही सवय वहिनीची. तेव्हा कुठे रडू आलं, आणि ते असं आलं की टॅक्सीवाल्यानं न विचारता गाडी बाजूला घेतली.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लालबागमध्ये तिला 'रविवारवाल्या वहिनी' म्हणून लोक ओळखतात. तिच्या रविवारच्या बैठकीबद्दल या काही आठवड्यांत बरंच छान छान बोललं गेलं. शोकसभेत एक गृहस्थ तर तिला द्रष्टी वगैरे म्हणाले. वहिनीनं ते ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण ती बैठक का सुरू झाली हे त्या सभेत मला एकटीलाच ठाऊक होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. त्या बैठकीच्या मुळाशी माझी एक चूक आहे आणि ती मी अर्धं आयुष्य लपवली. वहिनीबद्दल खरं लिहायचं तर ती वगळता येत नाही.

वहिनी मालवणची. लग्न होऊन चाळीत आली तेव्हा मी शाळेत होते. एका खोलीत दादा, वहिनी, मी आणि नंतर तान्हा मंगेश. माझं आणि तिचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं. मी टायपिंगच्या क्लासला जाताना तोंडाला पावडर लावायचे म्हणून ती मला 'कलेक्टरीण' म्हणायची. दादा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर. मग संप झाला. पंधरा दिवसांत मिटेल म्हणता म्हणता महिने गेले. दादा मात्र पहिल्या पाळीच्या वेळेलाच उठायचा, आंघोळ करायचा, भांग पाडायचा आणि गॅलरीत जाऊन खुर्चीवर बसायचा. घरात खुर्ची एकच. तिच्यावर तो दिवसभर बसे, कुणाशी बोलत नसे, आणि जेवायला हाक मारली की 'ठेव झाकून' म्हणे. त्या दिवसांत घरातलं सगळं बोलणं वहिनीच एकटी करायची.

आमच्या मोरीची खिडकी घरगल्लीकडे उघडायची. दोन चाळींच्या पाठींमधली अरुंद बोळ म्हणजे घरगल्ली. चाळीतले झाडून सगळे लोक खिडकीतून कचरा तिथेच भिरकावत. माशांची खवलं, खरकटं, फाटक्या चपला, काय वाट्टेल ते. ती गल्ली साफ करायला चाळमालकानं हौसाबाईला ठेवलं होतं. साताऱ्याकडची बाई, वहिनीच्याच वयाची, रे रोडच्या वस्तीतून चालत यायची. खाली उतरण्याआधी ती ओरडायची, "आली वोऽऽ, टाकू नका कुनी!" त्या दिवशीही ओरडली असणार. मला क्लासला उशीर झाला होता. ग्लास विसळताना हातातून निसटला आणि फुटला. काचा वर्तमानपत्रात गुंडाळल्या, जिना उतरून रस्त्यावरच्या पेटीपर्यंत जायचा कंटाळा केला आणि पुडकं खिडकीतून सोडून दिलं. खालून किंकाळी आली. वहिनीनं आधी खिडकीशी उभ्या असलेल्या मला पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हळदीचा डबा नि जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन अनवाणीच पळाली.

हौसाबाईच्या उजव्या हाताला टाके पडले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ही दोन पुढे कधीच नीट मिटली नाहीत. वहिनी इस्पितळातून परतली तेव्हा मी रडत, 'वहिनी, मी...' असं काहीतरी सुरू केलं. तिनं मला मध्येच थांबवलं. "माका नको सांगू. तिका सांग." बस्स. दादालासुद्धा ती काही बोलली नाही. मी ठरवलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला... कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी दुपारी वहिनीनं मजल्यावरच्या बायकांना आमच्या खोलीसमोर गॅलरीत बोलावलं आणि हौसाबाईला वर घेऊन आली. खाली सतरंजी अंथरलेली. हौसाबाईचा मान राखायचा म्हणून वहिनी दादाकडे गेली आणि म्हणाली, "उठा." कित्येक महिन्यांत त्या खुर्चीवरून कुणी दादाला उठवलं नव्हतं. तो इतका गोंधळला की खरंच उठला. वहिनीनं खुर्ची पदरानं पुसली आणि मधोमध ठेवली. हौसाबाई जागची हलेना. "वैनी, सगळी खाली आन् म्या एकटी वर?" ती म्हणाली. "मंग आज बी येगळीच की मी." वहिनीचा चेहरा पडला. एवढ्या हौसेनं मान द्यायला गेली, आणि द्यायचा राहिला तो साधा शेजार. तिनं कान पकडले, खुर्ची उचलून खोलीत ठेवली आणि हौसाबाईला आपल्याला चिकटून बसवलं. शेवटच्या खोलीतल्या दोघी तेवढ्यावरून उठून गेल्या, त्या पुढे दीड-दोन वर्षं आल्या नाहीत. दादाला बसायला काही उरलं नाही म्हणून तोही कठड्याला टेकून खालीच बसला. घरातल्या माणसांच्या पंगतीत तो किती दिवसांनी बसत होता!

मग वहिनी म्हणाली, "ह्या आठवड्यात आपण काय काय टाकला, ता सांगूया. मी आधी सांगतंय. बांगड्याची हाडां, नारळाच्यो करवंट्यो, नि एक फाटको फडको." बायका फिदीफिदी हसल्या. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा एकीलाही आठवेना. आपण दिवसभर हातानं टाकतो आणि लक्षात काहीच राहत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हणून वहिनीनं नियम केला, की आधी थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं आणि आठवायचं. बैठकीतल्या शांततेचं मूळ एवढंच. खूप नंतर चाळीच्या जागी टॉवर झाला, तेव्हा तिथली तरुण मुलंही येऊन मांडी घालून बसायला लागली. त्यांनी तिला सांगितलं, की याला माइंडफुलनेस म्हणतात, लोक परदेशातून शिकून येतात. तेव्हा वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्येका इंग्रजीत नाव पण आसा गो?"

माझी पाळी आली की मी म्हणायचे, शेंगांच्या साली, पेन्सिलीचे तुकडे, जुनी वही. हौसाबाई समोर बसलेली असायची, मांडीवर तो हात ठेवून. वहिनी माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. तिनं बघितलं असतं तर मी कदाचित बोलले असते, किंवा बैठकीला जायचंच सोडलं असतं. तिनं मला दोन्ही करू दिलं नाही.

संप असा कधी मिटलाच नाही, नुसता विरत गेला. दादाची गिरणी पुन्हा त्याच्यासाठी उघडली नाही. पण घरगल्ली बदलत होती. दादानं कुठून कुठून जुनी पिंपं आणली, त्यांना भोकं पाडून गच्चीवर ओळीनं मांडली. ओला कचरा त्यात जाऊ लागला. पहिले तीन महिने एवढी घाण सुटली की अख्खी चाळ वहिनीच्या नावानं बोटं मोडत होती. मग कुणीतरी सुका पाला घालायला सांगितलं, आणि चौथ्या महिन्यात काळी भुसभुशीत माती हाताला लागली. तिच्यात अळू लावलं, कढीपत्ता लावला. दादानं लाकडी चौकट ठोकली आणि चाळभरच्या चिंध्यांच्या सतरंज्या विणायला घेतल्या. पुढे बैठकीची सतरंजीही त्याचीच. विणताना तो गुणगुणायला लागला तेव्हा वहिनी स्वयंपाक सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

मध्येच मालकाच्या मॅनेजरनं हौसाबाईला काढायचं ठरवलं. अधू हाताची बाई कशाला, म्हणे. त्या रविवारी वहिनीनं बैठक मॅनेजरच्या कचेरीत भरवली. वीसेक बायका फरशीवर बसल्या, रिवाजाप्रमाणे गप्प राहिल्या, मग एकेकीनं सांगितलं. कांद्याची टरफलं... दाढीचं ब्लेड, कागदात बांधून, वेगळं... फुटकी बरणी, वेगळी. मॅनेजर हातात पेन धरून नुसता बघत बसलेला. सगळ्यांचं झाल्यावर वहिनी अगदी गोड आवाजात त्याला म्हणाली, "आता तुमची पाळी. तुम्ही ह्या आठवड्यात कोणाक टाकतास?" हौसाबाई कामावर राहिली, शिवाय तिला हातमोजे आणि गमबूट मिळाले. परतताना सगळ्या हसत होत्या, मीही हसत होते. हात अधू कुणी केला ते ठाऊक असून मी त्या फरशीवर तिच्या बाजूनं बसले होते. त्या दिवसाची लाज मला आजही वाटते.

माझं लग्न झालं, मी दादरला आले, नोकरी केली, निवृत्त झाले. दादा गेला. चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि बैठक गॅलरीतून पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत आली. टॉवरात घरगल्ली नाही. कचरा दाराबाहेर ठेवला की सकाळी नाहीसा होतो, आणि उचलणारं माणूस डोळ्यांना दिसतच नाही. वहिनीला हे मुळीच मानवलं नाही. तिनं सफाईच्या मुलींना नावानं हाका मारून बैठकीला बसवलं. हौसाबाई काम सुटल्यावरही शीवहून मुलाच्या घरून रविवारी येत राहिली. शिवाजी पार्कला माझ्याबरोबर सकाळी फिरणाऱ्या तिघी-चौघी आता आपापल्या सोसायटीत असाच रविवार भरवतात. लालबागच्या आसपास किती ठिकाणी तो भरतो, कुणाला माहीत.

वहिनीला शेवटचं भेटले ते ती जाण्याच्या तीन आठवडे आधी. अंथरुणातच होती, आवाज बारीक झाला होता. मी तिच्या केसांना तेल लावत होते. एकदम म्हणाली, "सांगलंस तिका?"

इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. मी नाही अशी मान हलवली. मला वाटलं, आता रागावेल. ती नुसती हसली. "मगे मी गेल्यार सांग. पण सांग." 'मी गेल्यार' का म्हणाली, हे मला तेव्हा उमगलं नाही. मी तेल लावत राहिले... 

तेराव्यानंतरच्या रविवारी बैठक भरली. कुणी बोलावलं नव्हतं, माणसं आपणहून आली. वहिनीची जागा रिकामी ठेवून तिच्या शेजारी हौसाबाई बसली होती. सगळे गप्प बसले. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मी फुटलेला ग्लास टाकला होता. संपाच्या वर्षी. मोरीच्या खिडकीतून. हौसाबाई, तुमच्या हातावर पडला तो."

हौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या जागेकडे. "आसं कसं?" ती म्हणाली. "त्यो तर वैनींच्या हातनं पडला. टाके घालत व्हते तवाच त्यांनी मला सांगितलं. रडल्या, पाया पडाय लागल्या. म्या म्हनलं, जाऊ द्या वैनी, मुद्दाम का कुनी टाकतंय."

म्हणजे वहिनीनं माझी चूक त्या दिवशी दुपारीच स्वतःवर घेतली होती. दर रविवारी ती हौसाबाईला चिकटून बसायची ती माझ्या वतीनं, आणि तरीही माझी वाट तिनं मोकळी ठेवली होती. ती असताना मी बोलले असते तर ती खोटी पडली असती. म्हणून तर ती म्हणाली होती, 'मी गेल्यार सांग.' मी तिला कितीदा हट्टी म्हटलं, आडमुठी म्हटलं... मी तिथेच, पंचवीस माणसांसमोर, ओक्साबोक्शी रडले.

हौसाबाईनं मला रडू दिलं. मग विचारलं, "आन् ताई, तुमी येवढी वर्सं का बोलला न्हाई?"

"भीती वाटली."

"कुनाची?"

"तुमची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझी?" तिला हसू फुटलं, दात पडलेलं तोंड भरून हसू. "आवं, जल्मभर म्याच भीत आली सगळ्यास्नी. मला भ्यायलेलं मानूस आज पैल्यांदा बगतीया." मग डोळे पुसून तिनं माझ्या पलीकडच्या मुलीकडे हनुवटी केली. "बोटं काय आता मिटायची न्हाईत. हं, पोरी, तू बोल. काय टाकलंस?" मुलगी चाचरत म्हणाली, दोन प्लास्टिकचे डबे आणि अर्धी पोळी. बैठक पुढे सरकली.

संपल्यावर सगळे उठले. हौसाबाईला आता गुडघ्यांमुळे आधाराशिवाय उठवत नाही. आजवर तिला वहिनी उठवायची. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हात माझ्यापुढे केला. उजवा. तो हात मी कधी धरला नव्हता, धरायची हिंमतच नव्हती झाली. मी धरला आणि तिला उठवलं. दोन बोटं माझ्या तळव्यावर ताठच राहिली. बाकीच्या तिन्हींनी मला घट्ट धरलं होतं.