पुलावर रेला नको!

"बाई, ढोल आले! पोरी इकडून निघतीन, पोरं तिकडून. मधात भेट होईन," विज्जाभाऊ मोठ्या आनंदाने सांगत होते आणि मी 'नको, नको' म्हणून हात हलवत होते.

विषय माझ्या पुलाचा होता. भामरागडच्या पुढे एका नदीवर आम्ही माणसांच्या ये-जासाठी झुलता पूल बांधला होता. मी साइट इंजिनिअर. पावसाळा तोंडावर आलेला. पाणी चढलं की हे गाव जगापासून तुटतं. विज्जाभाऊंची सून रांगी पोटुशी होती, दिवस भर पावसाळ्यात भरणार होते आणि दवाखाना नदीपलीकडे. पूल वापरात यायलाच हवा होता.

विज्जाभाऊ गावचे गायता, म्हणजे पुजारी. त्यांच्या गावची रीत अशी, की विहीर असो की कोठार, नवं काही आलं की आधी तिथे सगळ्यांनी रेला नाचायचा. त्याशिवाय कुणी ते वापरत नाही. रेला म्हणजे एकमेकांच्या कमरेत हात घालून, एका रांगेत, सगळ्यांचा पाय एकाच ठेक्यावर. बघायला फार सुरेख. पण झुलत्या पुलाला तो अजिबात सोसत नाही.

मी साहेबांना फोन लावला.

"वाळूची पोती ठेवून लोड टेस्ट झालीय ना?"

"झालीय सर. पण पोती नाचत नाहीत."

"मग नाच थांबवा."

"थांबवला तर पुलावर कुणी पाय ठेवणार नाही, सर."

"बघा तुम्ही काय ते," म्हणून साहेबांनी फोन ठेवला. आमच्या खात्यात याला टेक्निकल गायडन्स म्हणतात.

गर्डरचा पूल असता तर मीच म्हटलं असतं, नाचा. त्याचे खांब नदीत असतात, वर जाड तुळया, सगळं ताठ. पण इथल्या पुरात अख्खी झाडं वाहत येतात आणि खांबांना धडकतात. कमानीचा पूल दोन्ही काठांना बाहेर रेटतो, त्याला पक्का खडक लागतो. इथे काठ मातीचे. झुलता पूल पाण्यात पायच टाकत नाही. काठांवर दोन टॉवर, त्यांवरून केबल, केबलला लटकलेली चालायची वाट. केबलची टोकं जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत, म्हणजे अँकर ब्लॉकमध्ये घट्ट बसवलेली. पूल हलका आणि लवचिक. लवचिक, म्हणूनच ठेक्याला भुलणारा.

"कायले भेता बाई? पूल पक्का नाई का?" विज्जाभाऊंनी विचारलं. मी याच जिल्ह्यातल्या आरमोरीची, त्यामुळे आमचं बोलणं सरळ व्हायचं.

"पक्का आहे भाऊ. पन झुल्याले एका तालात धक्के देले तं काय होते?"

"वर वर जाते."

"रेल्याचंबी तसंच होईन."

"मंग गाव पुलावर येनार नाई. रांगी कशी जाईन?"

मलाही तीच काळजी खात होती. मग मी त्यांना टॉवरच्या मागे नेलं. अँकर ब्लॉकचा वरचा भाग तिथे ओट्यासारखा दिसत होता. "साऱ्या पुलाले यानं धरून ठेवलं आहे. इथी नाचा. तुमी थकान, हा हालनार नाई."

त्यांनी ओट्यावर दोन-तीनदा पाय आपटून पाहिला. "बरं. इथी रेला. पुलावर मोह्याची चाल. मोहा वेचाले जातो तसं, ज्याची त्याची."

ब्लॉकभोवती गाव नाचलं. मलाही ओढलं. थोड्या वेळाने विज्जाभाऊ हसत म्हणाले, "बाई, तुमी पुलावर नाचल्या तरी चालते. तुमचा पाय कोनाशीच जुळत नाई!"

ऐन पावसाळ्यात मी पाहणीला गेले, तेव्हा नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. त्याच दिवशी रांगीला कळा सुरू झाल्या. चौघांनी तिला खाटेवर उचललं. पुलावर घाईघाईत चौघांचे पाय एका तालात पडू लागले आणि पूल लचकायला लागला. रांगीने खाट घट्ट धरली. मी ओरडणार, तेवढ्यात मागून विज्जाभाऊंचा आवाज आला, "रेला नाई रे! मोहा! मोहा!"

पावलं विस्कटली. पूल शांत झाला. खाट पलीकडे पोचली आणि संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या झुलत्या पुलाच्या ड्रॉइंगमध्ये मी अँकर ब्लॉकभोवती मोठं अंगण दाखवलं. साहेबांनी विचारलं, "हे कशाला?"

म्हटलं, "पूल वापरात यावा म्हणून, सर."