अर्ध्यावर सोडलेलं वाचन

आमची मराठी मंडळी लहान आहे. आबिड्सच्या मागच्या गल्लीत एक तेलुगू चर्च आहे. सकाळची त्यांची उपासना आटोपली की दुपारी दोन तास ते आम्हाला मिळतं. बाकांवर आधीच्या माणसांची ऊब असते आणि पंखे चालूच असतात.

या मंडळीत शास्त्रवाचन, म्हणजे उपासनेत बायबलचा उतारा मोठ्यानं वाचणं, माझ्याकडे. चाळीस वर्षं माझ्याकडे. मी चौथीपर्यंत शिकलो, मग बस डेपोच्या वर्कशॉपात लागलो. हाताला जे काळं तेल लागलं ते निवृत्त होईपर्यंत निघालं नाही. असं असून शिकलेल्यांना बाजूला ठेवून त्या वेळच्या पाळकांनी मला वाचायला उभं केलं, याचा मला अभिमान आहे. अभिमान हे पाप आहे म्हणतात. असेल.

आता खरं ते सांगतो. घरी मी ओळीखाली बोट ठेवून वाचतो. बोट नसलं की डोळा घसरतो. पण चर्चमध्ये लोकांसमोर उभा राहिलो की हात मागे बांधतो, कारण शिकलेली माणसं बोट ठेवत नाहीत. म्हणून आठवडाभर तोच उतारा घरी वाचून वाचून अर्धा तोंडपाठ करायचो. डोळा घसरला तरी तोंड चालत राहायचं. चाळीस वर्षं असं निभावलं.

गेल्या नाताळाच्या आधीच्या रविवारी नाही निभावलं. चर्च भरलं होतं. पुण्याहून कंप्युटरच्या नोकरीला आलेली दोन नवी कुटुंबंही होती. मी वाचत होतो आणि दुसऱ्या बाकावरून माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, एक ओळ सुटली."

मोठ्यानं नाही बोलला. पण मराठी चर्चमध्ये हळू बोललेलंच सगळ्यांना ऐकू जातं. तो सरकारी कचेरीत कारकून होता, जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या. मी मागे जाऊन ओळ शोधू लागलो. सापडेना. शेवटी पुस्तक मिटलं आणि जाऊन बसलो.

उपासनेनंतर बाहेर चहा असतो. तिथं तो माझ्याजवळ आला, अर्थ बदलत होता म्हणून बोललो असं समजावू लागला. त्याचे व्याही शेजारी उभे होते. सगळी मंडळी होती. मी म्हणालो, "तुला अर्थ कळतो, कारण मी शाळा सोडली. माझ्या तेलकट हातांवर शिकलास आणि आता माझ्याच ओळी तपासतोस."

त्यानं भरलेला कप कठड्यावर ठेवला आणि बायकोला घेऊन निघून गेला.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. नाताळ गेला, ईस्टर गेला. वाचन मी सोडलं. एक पोरगी मोबाईलमधून वाचायची, भराभर, जशी बसच्या थांब्यांची नावं. भाऊ यायचा, दुसऱ्या बाकावर बसायचा. मी पहिल्यावर. माझी पाठ त्याच्याकडे. महिन्यातून एकदा प्रभुभोजन होतं, भाकर आणि प्याला घ्यायला वेदीपाशी जायचं असतं, त्याला मी पुढे जात राहिलो. माझ्या मनात काही नव्हतं. चूक त्याची, तर यावं त्यानं, मी थोरला आहे. तो मात्र पुढे येईनासा झाला. सगळे रांगेत उठायचे आणि हा खाली मान घालून बाकावर. मला बरं वाटायचं. म्हटलं, गुन्हा ज्याचा त्याला कळतोय.

या पावसाळ्यात आमच्या तरुण पाळकांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. "बाबा, या रविवारी तुम्ही वाचा." एवढंच. घरी येऊन उतारा काढला, तर मत्तयाचा पाचवा अध्याय, रागावरचा. भावावर रागावतो त्याचं काय होईल ते. मला कळलं की हे मुद्दाम आहे. पण मुद्दाम असलं तरी मी भिणारा नाही. उलट म्हटलं, बरं झालं, धाकट्यालाच ऐकू दे.

तरी तो आठवडा वाईट गेला. वाचायला बसलो की दोन ओळींनंतर उठायचो. गौलीगुड्याच्या बाजारात भाजीला गेलो आणि रिकामी पिशवी घेऊन परत आलो. सून म्हणाली, "पपा, जरा बसा की. कायकू येरझाऱ्या घालताय, फरशी झिजली." मी बसलो आणि परत उठलो.

रविवारी गेलो तर दुसऱ्या बाकावर भावजय एकटीच. तो कुठाय विचारलं, तर म्हणाली घरी आहेत, तब्येत बरी आहे, यायचं नाही म्हणाले. मला इतका राग आला की पहिलं गीत मी म्हटलंच नाही.

मग वाचायला उभा राहिलो. हात मागे. चांगलं चाललं होतं. पुढे ते वेदीवर दान आणण्याचं आलं. ते मला लहानपणापासून ठाऊक. दान घेऊन आलास आणि भावाची आठवण झाली, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मी कायम समजत आलो की ज्याच्या मनात राग आहे त्यानं जायचं. पण त्या दिवशी मोठ्यानं वाचताना माझ्याच कानांनी ऐकलं, तिथं तसं नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर तू जा. म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्यानं उठायचं.

माझ्या डोळ्यांपुढे कठड्यावरचा तो कप आला.

मी थांबलो. लोकांना वाटलं ओळ हरवली. पाळकांनी हळूच विचारलं, "बाबा, पाणी हवं का?" मी म्हटलं नको. माझ्याजवळ दान कसलं? वाचन, तेवढंच. ते तिथंच ठेवलं. चष्मा काढून उघड्या पानावर ठेवला आणि मधल्या वाटेनं बाहेर पडलो. 

भाऊ राहतो त्या अंबरपेठची बस भरलेली. आता बायकांना तिकीट नाही, त्यामुळे बसायला जागा मिळत नाही. उभ्यानं गेलो. खिशात मोबाईल वाजत होता, मुलगा असणार. उचलला नाही. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो आणि प्रत्येक थांब्यावर ते मोडत होतं. वाटेत काचीगुड्याला तर उतरून माघारीच जावं असं वाटलं.

भावानं दार उघडलं. मला पाहून घड्याळाकडे पाहिलं. म्हणाला, "उपासना सुटली इतक्यात?"

"नाही. वाचन अर्धं टाकून आलोय."

"चष्मा कुठाय?"

"तिथंच राहिला."

आत ये म्हणाला. मी दारातच उभा. का आला नाहीस विचारलं. त्यानं सरळ सांगितलं, "तू वाचणार होतास. ओळ सुटली असती तर मला राहवलं नसतं. म्हणून घरीच बसलो."

माझा पाय परत जिन्याकडे वळला होता, खोटं कशाला बोलू. म्हणजे सुटणारच हे यानं धरूनच ठेवलेलं. पण पाच किलोमीटर उभ्यानं आलो होतो. म्हणून दुसरं विचारलं, प्रभुभोजन का सोडलंस?

"तुझ्यावरचा राग जात नाही म्हणून. तो पोटात ठेवून प्याला कसा उचलू, दादा?"

तू कसा उचललास, असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला भांडता आलं असतं. मी म्हणालो, "चहाच्या वेळी बोललो ते बोलायला नको होतं."

बराच वेळ तो दाराची कडी वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या हातांवर शिकलो ते खरंच आहे. पण व्याह्यांसमोर नको होतं."

आत गेलो. त्यानं शास्त्र काढून माझ्यापुढे ठेवलं, म्हणाला राहिलेलं वाच, आणि स्वतःचा चष्मा दिला. त्याचा नंबर वेगळा, अक्षरं पाण्यात असल्यासारखी हलत होती. इलाज नव्हता. मी त्याच्यासमोर ओळीखाली बोट ठेवलं. लहानपणानंतर पहिल्यांदा. त्यानं बोटाकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

चार ओळी गेल्या. पाचवीत एका जोडाक्षराशी बोट अडलं. तो तळहात तोंडावर दाबून बसला होता, कानापर्यंत लाल. ते पाहून मलाच राहवेना.

"सांग की आता," मी म्हणालो.

त्यानं सांगितलं.

तासाभरानं भावजय आली. माझा चष्मा रुमालात बांधून आणला होता. पाळकांनी राहिलेलं कुणालाच वाचू दिलं नव्हतं. येत्या रविवारी दादाच वाचतील, असं जाहीर केलं म्हणाली.

आज शुक्रवार. रविवारी प्रभुभोजन आहे आणि भाऊ पुढे येणार म्हणालाय. आठ महिने मी तो प्याला कसा घेतला, हे मला कुणी विचारलेलं नाही, पाळकांनीही नाही. मीच विचारतो आणि उठून फेऱ्या मारतो. सुनेनं आता सांगणं सोडलंय. उतारा रोज वाचतो, बोट ठेवून. रविवारी ते काढायचं की ठेवायचं, ते काही केल्या ठरत नाही. पण भावाला फोन करून सांगितलं की माझ्या शेजारी, पहिल्या बाकावर बस. तिथून पान दिसतं.