हरलेल्याला गूळ

गारखेड्याच्या मैदानावर शर्यतीच्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मी या खेळाचा वेडा. शेजारी उभ्या धोतरवाल्या म्हाताऱ्याला न विचारताच इंजिन, वजन, वेग सगळं सांगत सुटलो. तो मात्र गाडीच्या पुढच्या चाकावर तळवा टेकवून उभा होता, बैलाच्या वशिंडावर टेकवावा तसा.

"ही जिंकली का हरली?" त्यानं विचारलं.

मी पाटी वाचली. तिच्यावर तेवढं सोडून सगळं होतं. मलाही माहीत नव्हतं.

"आमच्याकडं शंकरपटात बैलं पळवतेत. गुलाल जिंकलेल्याला, पण गूळ आधी हरलेल्याला. बैलाला हरणं कळत नाय. आपलं तोंड बघून कळतं."

मग बंडीच्या खिशातून त्यानं कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा काढला आणि चाकावर ठेवला. "हरली असंल तर," एवढंच म्हणाला अन् गर्दीत मिसळला.

थोड्या वेळानं रखवालदार आला. "हा गूळ कुणी ठेवला?"

"मी," मी म्हणालो.

"कशाला?"

इंजिनाचं काही विचारलं असतं, तर सांगता आलं असतं.