आत्यांचं ‘आय ॲम कमिंग’

अख्ख्या अमेरिकेत जिला निरोप घेता येत नाही अशी बाई एकच, आणि ती नेमकी माझ्या नवऱ्याची आत्या. चाळीस वर्षं हॉस्पिटलात डॉक्टरकी केली, इंग्रजी माझ्यापेक्षा फर्डं; पण निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’च म्हणायचं, हा नागपूरचा नियम त्यांनी इंग्रजीलाही लावला. राउंड संपला की पेशंटला ‘आय ॲम कमिंग’ म्हणायच्या आणि सरळ घरी निघून यायच्या. नवीन आलेल्या नर्स बिचाऱ्या फाइल घेऊन वाट बघत बसायच्या.

रिटायर झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून शिकागोतल्या एका गरीब वस्तीतल्या केंद्रात मुलांना दर शनिवारी वाचायला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. आमचं घर शॉमबर्ग उपनगरात, तिथून ड्राइव्ह कोण करणार? मी. सोबत डबाभर शिरा आणि नेलकटर. आधी नखं, मग शिरा, मग पुस्तक. जो बोटं लपवील त्याच्या आजीला घरी जाऊन गाठायच्या. महिन्याभरात सगळी पोरं त्यांना ‘आत्या’ म्हणायला लागली, आणि तिथला सहा फुटी सिक्युरिटीवालासुद्धा त्या दिसल्या की हात खिशात घालायचा.

घोटाळा मात्र पहिल्याच दिवशी झाला होता. ‘आय ॲम कमिंग’ म्हणून आम्ही निघालो, आणि मोनीक नावाची सात वर्षांची मुलगी कोट चढवून, दार उघडं धरून उभी राहिली. आम्ही घरी पोचतो तोच केंद्र सांभाळणाऱ्या बाईंचा फोन. ‘ती हलत नाहीये. तुम्ही येताय ना?’ याआधीचे व्हॉलंटियर ‘सी यू’ म्हणून गेले ते पुन्हा फिरकलेच नव्हते. आत्यांनी मला गाडी परत काढायला लावली. मोनीकला समोर बसवून म्हणाल्या, ‘आमच्यात जाते म्हणत नाहीत. मी येते म्हटलं की तू ‘या’ म्हणायचं. मी येणार.’

‘व्हेन?’

‘सॅटर्डे.’

झालं. बर्फ असो, ताप असो, चार वर्षांत एक शनिवार चुकला नाही. माझे सगळे ब्रंच बुडाले, आणि मी कुरकुरलेही भरपूर.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. टेक्ससमध्ये प्लेनोला राहणारा त्यांचा मुलगा म्हणाला, आता पुरे, माझ्याकडे राहा. शेवटच्या शनिवारी गाडीत मी म्हटलं, ‘आत्या, आज तरी त्या पोरीला खरं सांगा. नाहीतर पुन्हा दारात उभी राहील.’

‘सांगते. आज जाते म्हणते. त्यात काय एवढं?’ असं म्हणून वाटभर ‘आय ॲम गोइंग’ पुटपुटत होत्या.

मुलांना प्लेनोचं सांगून झालं. नखं कापली, शिरा वाढला. दारापाशी मात्र ‘आय ॲम’ म्हणाल्या आणि अडकल्या. मोनीकने दार धरलं होतं. आता अकरा वर्षांची, समजूतदार. तिने आत्यांकडे नीट बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘आत्या, या.’ शॉमबर्ग येईपर्यंत आत्या नाक पुसत होत्या आणि माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत होत्या.

हल्ली शनिवारी मी एकटीच जाते. शिरा मला तसा जमत नाही, पोरं तोंडावर सांगतात. निघताना माझ्याही तोंडून ‘आय ॲम कमिंग’च निघतं. मोनीक दार धरून ‘या’ म्हणते, पण मी बाहेर पडले तरी ती दार लगेच लावत नाही.