डोळ्यांसमोरचं ताट

आधी जयाताईंचं नाव घेते, मग आजाराचं सांगते. अमरावतीत दवाखान्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. तपासण्या चालू होत्या तेव्हा आधीची काही ओळख नसताना त्यांनी मला आणि माझ्या सासूबाईंना खालची खोली राहायला दिली, आणि डॉक्टरांकडे दर वेळी सोबत आल्या. मी कोल्हापूरकडची, लग्न होऊन अकोल्याला आलेली. माहेरचं माणूस हाकेला येईल एवढ्या जवळ नाही. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे डॉक्टर इंग्रजी बोलायला लागले की मला घाम फुटतो. शेजारी जयाताई असल्या की निदान खुर्चीत बसवत होतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआयचे फोटो उजेडावर धरले आणि म्हणाले, "पार्किन्सन नाही. हा पीएसपी आहे." प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. म्हणजे मेंदूच्या मधल्या भागातल्या पेशी हळूहळू झडत जातात. तोल जातो, डोळ्यांची हालचाल अडते, पुढे गिळणं आणि बोलणंही. मी विचारलं, बरा होतो का. ते म्हणाले, "बरा होत नाही. सांभाळता येतो."

तुमच्या घरी असं काही सुरू झालं असेल तर आमचं कुठे चुकलं ते ऐका.

पातूरच्या रस्त्याला आमची शेवंती आणि झेंडूची शेती, जठारपेठेत हारांचं दुकान. दुकानात सासूबाई बसायच्या. आधी त्या पडायला लागल्या. ठेच लागून नाही, उभ्या उभ्या सरळ मागे. मग पायरी उतरताना पाय चुकायला लागला. आम्ही चष्मा बदलला. पुन्हा बदलला. हार मात्र होत होते. जन्मभर ओवून बोटांनाच सगळं पाठ, त्या खाली बघतच नाहीत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग जेवण तुटलं. आमच्याकडे खाली बसून जेवतात, ताट जमिनीवर. सासूबाई हातात दिलेली भाकर कोरडीच खायच्या आणि भाजीची वाटी भरलेली परत यायची. रोज. मला वाटलं, माझ्या हातचं त्यांना नको. माझ्या भाजीला त्या पहिल्यापासून "कोल्हापूरचा जाय" म्हणायच्याच, म्हणजे जाळ. मी तिखट कमी केलं. मग बोलणं कमी केलं. त्याही बोलेनात. गळ्याची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या दोघीचं तुमीच पाहा."

डॉक्टरांनी आम्हाला कारणही समजावलं. पेशीच्या आत बारीक नळ्या असतात, त्यांना मायक्रोट्युब्यूल म्हणतात. पेशीला लागणारा माल त्यांच्यावरून इकडून तिकडे जातो. या नळ्यांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यातलं एक टाऊ. या आजारात टाऊ नळ्यांवरून सुटतं, त्याचा गुंता होतो आणि पेशी बिघडत जाते. असं का होतं ते पूर्ण कळलेलं नाही, असंही ते म्हणाले. मी मान हलवत राहिले. डोक्यात फक्त "बरा होत नाही" एवढंच घुमत होतं.

खोलीवर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

मी आपल्या पद्धतीने सांगितलं. कारल्याच्या मांडवाचे बांबू सुतळीने बांधतो ना, तसं डोक्यातही असतं. सुतळी सुटली, गोळा झाली, मांडव बसायला लागला.

"मंग नवी सुतळी बांधा म्हना."

"त्याचं औषध अजून निघालं नाही, आई."

"मंग एवढे शिकून काय करून राह्यले थे?"

जयाताई हसल्या, मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी सासू-सुना एका गोष्टीवर बोललो होतो.

जयाताईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणली होती. मी सवयीने ताट खाली ठेवायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला. "अवं माय, डॉक्टरनं पेन खाली नेला तं यायचे डोये गेले का खाली? त्यायनं सांगतलं ना, मान बी ताठली, खालचं दिसत नाही म्हून." सांगितलं होतं. मी तिथेच बसले होते आणि मला ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवलं, पुढे स्टूल, स्टुलावर धान्याचा डबा, त्यावर ताट. सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या.

"आज भाजी वाढली वाटते."

"रोजच वाढते, आई."

"कुठं वाढत होती? तू तं मले कोरडी भाकर देत होती. म्या म्हटलं, मांगाची कायले? सुनेपुढं हात पसरू का मी?"

"घ्या," जयाताई म्हणाल्या, "दोघी बी सारख्याच फुगणाऱ्या."

सासूबाईंनी वाटी पुसून खाल्ली. मी नळावर गेले आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसले.

आता अकोल्याला सुताराकडून उंच टेबल करून घेतलं आहे. ठसका लागू नये म्हणून पाणी पावडर घालून घट्ट करून चमच्याने द्यावं लागतं, घास गिळेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. उठताना कोणीतरी मागे उभं राहायचं. फिजिओथेरपी, म्हणजे तोलाचे आणि चालण्याचे व्यायाम, रोज. दमायला होतं, खोटं कशाला सांगू. कधी मीच आधी झोपते. त्यांचं बोलणंही जड झालं आहे, एक शब्द यायला वेळ लागतो. परवा बराच वेळ ओठ हलवून म्हणाल्या, "जाय... कमी झाला." त्या दिवसापासून भाजी पुन्हा माझ्या माहेरासारखी करते, फक्त मऊ शिजवून. वजन थोडं भरलं आहे. आजार पुढे जातोच आहे. पण त्या उपाशी जात नाहीत, आणि माझ्यावर रागावूनही नाहीत.

घरातलं माणूस ताटात टाकायला लागलं तर रुसण्याआधी ताट वर धरून बघा.

जयाताई, तुम्ही एकट्या राहता. तुम्हाला असं काही होऊ नये. पण म्हातारपण येईलच, आणि तेव्हा निरोप पाठवायला लाजू नका, आम्ही दोघींनी लाजून काय केलं ते तुम्ही पाहिलं आहे. मी अकोल्याहून येईन, तुमच्यापुढे ताट मांडीन आणि तुमचं होईपर्यंत बसून राहीन.